प्रेक्षकाचे अंतःकरण

मैदानावर घाम गाळतो तो खेळाडू; परंतु त्या खेळाची धग ज्यांच्या अंतःकरणाला लागते, असा एक मोठा समुदाय मैदानाबाहेर बसलेला असतो. त्याच्या हाती बॅट नसते, त्याच्या पायाशी चेंडू नसतो, धावफलकावर त्याचे नाव कधीही लागावयाचे नसते. संघ जिंकला तर त्याला पारितोषिक मिळत नाही, आणि हरला तर त्याचे शेत, घर वा नोकरी यांपैकी काहीही जात नाही. असे असूनही आपला संघ हरला की त्याला अन्न गोड लागत नाही, आणि जिंकला की अनोळखी माणसालाही मिठी मारावीशी वाटते. ज्या गोष्टीत आपला काडीइतकाही व्यावहारिक लाभ नाही, तिच्यासाठी मनुष्याने इतके कासावीस का व्हावे? हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे मनुष्याच्या मनाची एक मोठी खूण हाती लागते.

वऱ्हाडात या प्रश्नाचे प्रत्यंतर २०१७ सालच्या डिसेंबरात आले. त्या वर्षी रणजी करंडकाच्या स्पर्धेत विदर्भाचा संघ उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचला होता. कोलकात्याच्या ईडन गार्डनवर त्याची गाठ कर्नाटकाच्या बलाढ्य संघाशी पडली. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे पडला, तेव्हा अनेकांनी आशा सोडली असेल. परंतु दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ धावा केल्या आणि कर्नाटकापुढे १९८ धावांचे लक्ष्य ठेवले. चौथ्या दिवसाचा खेळ संपला तेव्हा कर्नाटकाचे सात गडी १११ धावांत बाद झाले होते. एका बाजूस तीन गडी, दुसऱ्या बाजूस ८७ धावा. आणि मध्ये एक संपूर्ण रात्र! अमरावतीत आणि अकोल्यात ज्यांचे मन त्या सामन्यात गुंतले होते, त्यांची ती रात्र कशी गेली असेल, हे ज्याने कधी कोणत्याही संघावर जीव लावला आहे त्याला सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नाटकाचे शेवटचे फलंदाज चिवटपणे लढले. धावांचे अंतर पन्नासाचे वीस झाले, विसाचे दहा झाले. अखेर रजनीश गुरबाणी या तरुण गोलंदाजाने शेवटचा गडी टिपला, तेव्हा विदर्भ केवळ पाच धावांनी विजयी झाला होता.

त्यानंतर इंदूरच्या होळकर मैदानावर अंतिम सामना झाला. प्रतिपक्ष होता दिल्लीचा. याच गुरबाणीने पहिल्या डावात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी त्रिफळाबाद केले. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात असा पराक्रम त्यापूर्वी एकदाच, १९७२-७३ च्या हंगामात, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम या गोलंदाजाने केला होता. पुढे अक्षय वाडकरने १३३ धावा केल्या. विदर्भाचा डाव ५४७ धावांपर्यंत वाढला. आणि २०१८ सालच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारीस, फैज फजलच्या नेतृत्वाखाली विदर्भाने रणजी करंडक प्रथमच जिंकला. या सामन्यात प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण करणारा आदित्य ठाकरे हा तरुण गोलंदाज अकोल्याचा होता.

हा विजय अकरा खेळाडूंचा होता हे खरे. परंतु त्या दिवशी वऱ्हाडात जो तो म्हणत होता तो शब्द ‘ते जिंकले’ हा नव्हता. ‘आपण जिंकलो’ हा होता. व्याकरणाच्या दृष्टीने ही चूकच म्हटली पाहिजे. ज्याने सामन्यात भाग घेतला नाही, त्याला प्रथमपुरुषी अनेकवचनाचा अधिकार कोठून आला? परंतु येथे व्याकरण हरते आणि हृदय जिंकते. या एका सर्वनामातच प्रेक्षकाच्या साऱ्या उत्कटतेचे मूळ आहे.

मानसशास्त्रज्ञांनी या सर्वनामाचा पिच्छा पुरविला आहे. अमेरिकेतील काही विद्यापीठांत फुटबॉलचे संघ असतात आणि त्यांच्या सामन्यांना मोठी गर्दी लोटते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, विद्यापीठाचा संघ जिंकला म्हणजे पुढच्या सोमवारी त्या विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे घालून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढते. तसेच सामन्याचे वर्णन करावयास सांगितले असता विद्यार्थी विजयाविषयी बोलताना ‘आम्ही’ हा शब्द अधिक वापरतात आणि पराभवाविषयी बोलताना ‘ते’ हा शब्द त्यांच्या तोंडी सहज येतो. विजयाच्या प्रकाशात उभे राहावे आणि पराभवाच्या सावलीतून हळूच बाजूला सरावे, अशी मनुष्याची स्वाभाविक प्रवृत्ती आहे. परंतु खरा भक्त येथेच वेगळा ओळखू येतो. त्याचे ‘आम्ही’ पराभवानंतरही ‘आम्ही’च राहते. आनंदात वाटेकरी होणारे पुष्कळ असतात. दुःखात जो सर्वनाम बदलत नाही, त्याचेच प्रेम अस्सल मानावे.

भक्त हा शब्द येथे सहज योजलेला नाही. अकोल्यात श्रावणाच्या अखेरच्या सोमवारी कावडयात्रा निघते. गांधीग्राम येथे पूर्णा नदीचे जल कावडीत भरून तरुणांची पथके रात्रभर चालत येतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला त्या जलाचा अभिषेक होतो. कावडीचे ओझे खांद्याला रुतते, पाय भरून येतात. परंतु त्या वेळी प्रत्येकाला आपण एकटे चालत नसून एका मोठ्या देहाचे अवयव झालो आहोत असे वाटते. स्वर एकाचा उठतो आणि तो शेकडो कंठांतून परत येतो. क्रीडाप्रेक्षकांच्या समुदायातही असाच अनुभव येतो. एकट्याने घरी बसून पाहिलेला विजय आणि हजारोंच्या सोबतीने पाहिलेला विजय यांत मोठे अंतर असते. शेजारच्या माणसाचे नाव ठाऊक नसते, त्याचा व्यवसाय ठाऊक नसतो. तरी गडी बाद होताच दोघेही एकाच क्षणी उभे राहतात. व्यवहारातील सारी अंतरे तेवढ्यापुरती गळून पडतात. सुताचा व्यापारी आणि कापसाचे गाठोडे वाहणारा हमाल त्या क्षणी एकाच जातीचे होतात. ती जात म्हणजे ‘आपल्या संघाची माणसे’.

दुसऱ्याच्या अनुभवाशी एकरूप होण्याच्या या शक्तीचा विचार आपल्याकडे काव्यशास्त्राने फार पूर्वीपासून केला आहे. नाटक पाहताना वा काव्य वाचताना रसिकाचे पात्राशी तादात्म्य होते, असे म्हणतात. न. चिं. केळकर यांनी वाङ्मयाच्या आनंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ अशी एक अर्थपूर्ण संज्ञा योजली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वतःचे भान पूर्णपणे सोडत नाही; तो एकाच वेळी स्वतःही असतो आणि दुसराही असतो, असा तिचा आशय आहे. क्रीडाप्रेक्षकाची अवस्था हिच्याशी पुष्कळ जुळते. फलंदाजाच्या अंगावर उसळता चेंडू आला की प्रेक्षक आपली मान मागे घेतो. पहिलवान डाव टाकतो तेव्हा आखाड्याच्या कडेला बसलेल्या माणसाचे खांदे नकळत वळतात. तो बसलेला असतो बाकावर, परंतु त्याचे मन खेळत असते मैदानात.

तथापि नाटकाचा प्रेक्षक आणि खेळाचा प्रेक्षक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. नाटकाचा शेवट लेखकाने आधीच ठरवून ठेवलेला असतो. नायकाचा मृत्यू पाहून आपण अश्रू ढाळतो, परंतु त्या अश्रूंतही एक प्रकारचे सुख असते. म्हणूनच शोकान्त नाटक आपण पुन्हा पुन्हा पाहतो. खेळाचा शेवट मात्र कोणीच लिहिलेला नसतो. खेळाडू, पंच, प्रेक्षक यांपैकी कोणालाही तो ठाऊक नसतो. कर्नाटकाविरुद्धचा सामना विदर्भाने पाच धावांनी जिंकला. एक-दोन फटके सीमापार गेले असते तर तोच सामना हातून गेला असता. या अनिश्चिततेमुळे खेळातील भावना कसदार होते. आणि पराभव झाला तर तो नाटकातल्यासारखा रसमय वाटत नाही, तो खराखुरा बोचतो. शोकान्त नाटकाचे दुसऱ्यांदा तिकीट काढणारे रसिक असतात. हरलेला अंतिम सामना पुन्हा पाहण्याची इच्छा फारच थोड्यांना होते.

ही बोचणी केवळ मनापुरती राहत नाही, ती शरीरातही उतरते. १९९४ सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीवर विजय मिळविला. तो सामना दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या दोन्ही देशांच्या चाहत्यांच्या लाळेची शास्त्रज्ञांनी सामन्यापूर्वी व नंतर तपासणी केली. जिंकलेल्या ब्राझीलच्या चाहत्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढले होते, तर हरलेल्या इटलीच्या चाहत्यांत ते उतरले होते. प्रत्यक्ष स्पर्धकांच्या शरीरात जय-पराजयानंतर जसे बदल होतात, तसेच बदल खुर्चीत बसलेल्या माणसांतही घडले! २००६ सालची विश्वचषक स्पर्धा जर्मनीत झाली. त्या वेळी म्युनिक व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील वैद्यांनी हृदयविकाराच्या तातडीच्या प्रकरणांची मोजदाद केली. जर्मनीचा सामना ज्या दिवशी असे, त्या दिवशी अशा प्रकरणांची संख्या नेहमीच्या अडीच पटींहून अधिक होत असे. ज्यांचे हृदय आधीच दुर्बल होते त्यांना धोका विशेष होता. ‘जीव टांगणीला लागणे’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार किती अक्षरशः खरा आहे, हे यावरून ध्यानात येईल.

असे होण्याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. संकट आले म्हणजे शरीर लढण्यास वा पळण्यास सिद्ध होते. हृदय जोराने धडधडू लागते, स्नायू ताठ होतात, श्वास जलद चालतो. मैदानावरील खेळाडू ही सारी शक्ती खेळात खर्च करतो. प्रेक्षकाचे शरीर तितकेच सिद्ध होते. परंतु त्याला ना धावता येते, ना झेल घेता येतो. कबड्डीचेच उदाहरण घ्यावे. चढाईस गेलेल्या खेळाडूला अवघे ३० सेकंद मिळतात. समोर सात जण साखळी करून उभे आहेत, निदानरेषा आता दूर वाटू लागली आहे, एकाने पायाला विळखा घातला आहे आणि मध्यरेषा हातभर अंतरावर आहे. खेळाडू धडपडतो, प्रेक्षक काय करणार? तो ओरडतो, बाकावर मूठ आपटतो, शेजाऱ्याचा दंड घट्ट धरतो. त्याची आरोळी म्हणजे वाट न सापडलेली धावच होय. कृती करता येत नाही आणि मन तर कृतीने भरलेले आहे, या ओढाताणीतून प्रेक्षकाची व्याकुळता निर्माण होते.

परंतु ही व्याकुळता कोणताही खेळ पाहून होते असे नाही. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या इतिहासातील एक प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. अंबादासपंत व अनंत या वैद्य बंधूंच्या परिश्रमाने ही संस्था १९१४ साली उदयास आली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या, तेव्हा या संस्थेच्या पथकाने तेथे कबड्डीसह भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. परदेशी प्रेक्षकांपुढे वऱ्हाडच्या मातीतील कसब असे उभे राहणे ही मोठ्या अभिमानाची गोष्ट होती. परंतु ज्यांना दोन्ही बाजूंचे खेळाडू सारखेच परके, अशा प्रेक्षकाला कौशल्य पाहून आश्चर्य वाटेल, तो टाळ्याही वाजवील. त्याचा जीव मात्र खालीवर होणार नाही. तोच खेळ अमरावतीच्या एखाद्या मैदानावर दोन मोहल्ल्यांच्या संघांत सुरू झाला की पाहणाराला बसवत नाही. कौशल्याने कौतुक उपजते. उत्कटता उपजण्यास आपलेपणा लागतो. ‘आपले पोट्टे’ हे दोन वऱ्हाडी शब्द उच्चारताच पाहणारा हा केवळ पाहणारा उरत नाही.

हा आपलेपणा एका दिवसात तयार होत नाही. त्याला काळाचे खतपाणी लागते. मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ १९३४ सालापासून, म्हणजे रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून, तीत उतरला होता. भारताच्या कसोटी संघाचे पहिले कर्णधार कर्नल सी. के. नायडू हे जन्माने नागपूरचे. पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि १९५७-५८ च्या हंगामापासून विदर्भ या नावाने संघ खेळू लागला. त्यानंतर साठ वर्षे या संघाला अंतिम सामन्याचे दर्शन झाले नाही. एका पिढीने वाट पाहिली आणि ती दुसरीच्या हाती सोपविली. बापाने वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील बारीक टाइपात विदर्भाचा धावफलक शोधावा, पराभव वाचून निःश्वास टाकावा, आणि शेजारी बसलेल्या मुलाने तो निःश्वास मुकाट्याने आपलासा करावा, असे किती घरांतून घडले असेल! वारसाहक्काने शेत मिळते, घर मिळते, तसा संघही मिळतो. म्हणूनच २०१८ च्या त्या पहिल्या दिवशी काही डोळ्यांत जे पाणी आले, ते केवळ त्या दिवसाच्या आनंदाचे नव्हते. जे हा दिवस पाहण्यास उरले नव्हते, त्यांच्या वाट्याचा आनंदही त्या पाण्यात मिसळलेला होता.

महाराष्ट्रात असेच उत्कट प्रेम फुटबॉलवर कोणी केले असेल तर ते कोल्हापूरने. तेथे तालमी या केवळ कुस्तीच्या राहिल्या नाहीत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशा तालमींनी फुटबॉलचे संघ उभारले. शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या संघांचा सामना असला म्हणजे त्या पेठांतील आबालवृद्धांचे लक्ष तिकडे लागलेले असते. संघाचा रंग हाच पेठेचा रंग होतो. कोलकात्याची कथा याहून मोठी आहे. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागान या संघाने इंग्रज सैनिकांच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. बुटे घालून खेळणाऱ्या राज्यकर्त्यांना बहुतांश अनवाणी खेळणाऱ्या बंगाली तरुणांनी हरविले, ही वार्ता पारतंत्र्यात पिचलेल्या मनांना संजीवनीसारखी वाटली. चेंडू एका जाळ्यात गेला, परंतु त्याने लक्षावधी माणसांचा आत्मविश्वास परत आणला. खेळ हा कधी कधी खेळापेक्षा मोठा होतो तो असा.

तथापि अग्नी जसा अन्न शिजवितो तसाच घरही जाळतो. प्रेमाची उत्कटता विवेकाच्या बाहेर गेली म्हणजे तिचे रूप पालटते. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डनवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याच्या वेळी प्रेक्षकांत दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ जणांना प्राण गमवावे लागले. ती सारी माणसे खेळ पाहण्यासाठी घरून निघाली होती. सायंकाळी परत येतो असे सांगूनच त्यांनी उंबरठा ओलांडला असेल. त्यांची आठवण म्हणून कोलकात्यात तो दिवस फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी रक्तदान केले जाते. अविवेकाने सांडलेल्या रक्ताचे प्रायश्चित्त रक्त देऊन करावे, यात मोठे औचित्य आहे.

दंगलीहून सौम्य दिसणारा, परंतु तितकाच कठोर असा आणखी एक अविवेक आहे. तो म्हणजे पराभवाचे सारे ओझे एका माणसाच्या माथी मारण्याचा. १९५० सालच्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेत १६ जुलै रोजी रिओ-दि-जानेरो येथील माराकाना मैदानावर ब्राझील व उरुग्वे यांचा निर्णायक सामना झाला. सुमारे दोन लक्ष प्रेक्षक विजयोत्सवाच्या तयारीने आले होते. परंतु उरुग्वेने २-१ असा विजय मिळविला. त्या सामन्यात ब्राझीलचा गोलरक्षक होता बार्बोसा. दुसरा गोल त्याच्या डावीकडून जाळ्यात शिरला. त्या एका क्षणाबद्दल त्याच्या देशबांधवांनी त्याला कधी पूर्णपणे क्षमा केली नाही. २००० साली त्याचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५० वर्षे, तो दोष त्याच्या पाठीस लागला. एखाद्या गुन्हेगाराची शिक्षादेखील इतकी दीर्घ नसते. ज्यांनी त्याला दोष दिला त्यांचे आपल्या संघावर प्रेम नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या प्रेमाला चुकणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, ते प्रेम आंधळे होय. ‘आपण जिंकलो’ असे म्हणणाऱ्याने ‘त्याने हरविले’ असे म्हणू नये. विजयात जर वाटा घ्यावयाचा तर पराभवातही घ्यावा लागतो.

असा वाटा घेण्याची वेळ विदर्भाच्या चाहत्यांवरही आली. पहिल्या विजयानंतर पुढच्याच हंगामात, २०१९ च्या फेब्रुवारीत, विदर्भाने सौराष्ट्राला नमवून करंडक राखला. त्यानंतर २०२४ च्या मार्चमध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर विदर्भ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. पहिला डाव १०५ धावांत आटोपला आणि पुढे विजयासाठी ५३८ धावांचे डोंगराएवढे लक्ष्य समोर आले. हार जवळजवळ निश्चित होती. तरीही विदर्भाचे फलंदाज खेळपट्टीवर नांगर टाकून उभे राहिले. कर्णधार अक्षय वाडकरने १०२ धावा केल्या, हर्ष दुबेने ६५ धावांची साथ दिली आणि शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईकरांना विजयाची वाट पाहावी लागली. अखेर ३६८ धावांवर डाव संपला. विदर्भ १६९ धावांनी हरला. धावफलकात या सामन्याची नोंद पराभव अशीच आहे. परंतु ज्याने तो शेवटचा डाव पाहिला, त्याला आपला संघ हरला असे वाटले तरी आपला संघ लहान झाला असे वाटले नसेल. विजयाने अभिमान वाटतो हे स्वाभाविकच. पराभवातही अभिमान वाटू शकतो, हे शिकणे ही प्रेक्षकाची खरी परीक्षा होय.

या परीक्षेची दुसरी प्रश्नपत्रिका पुढच्याच वर्षी आली, आणि ती अधिक अवघड होती. कारण या वेळी विदर्भ जिंकणार होता. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर अंतिम सामना झाला तो केरळाशी. केरळाचा संघ प्रथमच अंतिम सामन्यात पोहोचला होता. विदर्भाने पहिल्या डावात ३७९ धावा केल्या, त्यांत दानिश मालेवारच्या १५३ होत्या. केरळाचा कर्णधार सचिन बेबी ९८ धावांवर, शतकापासून दोन पावलांवर बाद झाला आणि केरळाचा डाव ३४२ धावांत संपला. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. वऱ्हाडात आनंद झाला. परंतु जो प्रेक्षक साठ वर्षांची प्रतीक्षा विसरला नव्हता, त्याला समोरच्या बाजूचे दुःख ओळखीचे वाटल्यावाचून कसे राहील? तिकडे, समुद्राकाठच्या त्या प्रदेशातही एखादा बाप धावफलक मिटून निःश्वास टाकत असेल आणि शेजारचा मुलगा तो निःश्वास आपलासा करीत असेल. प्रतिपक्षाचा चाहता हा शत्रू नव्हे. तो दुसऱ्या रंगाचा सदरा घातलेला आपलाच प्रतिबिंबरूप सोबती होय.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. ज्यात आपला लाभ नाही त्यासाठी मनुष्य कासावीस होतो, याचे कारण असे की मनुष्याचे मन आपल्या देहाच्या सीमेत मावत नाही. त्याला दुसऱ्याच्या धावण्यात धावावेसे वाटते, दुसऱ्याच्या पडण्यात दुखावेसे वाटते. आई मुलासाठी, मित्र मित्रासाठी, नागरिक देशासाठी ज्या शक्तीने झुरतो, तीच शक्ती क्रीडांगणाच्या कडेला बसून सराव करीत असते. ‘मी’ या लहान शब्दातून ‘आपण’ या मोठ्या शब्दात जाण्याचा तो एक सोपा मार्ग आहे. मात्र ‘आपण’ म्हणताना वर्तुळ कोठे थांबवावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. जो ते आपल्या संघापाशी थांबवितो, त्याचा खेळ सामन्याबरोबर संपतो. जो ते प्रतिपक्षापर्यंत वाढवितो, त्याला प्रत्येक सामन्यातून काहीतरी घेऊन घरी जाता येते.

सामना संपतो, मैदान रिकामे होते, अमरावतीकडे आणि अकोल्याकडे जाणाऱ्या गाड्या भरून निघतात. कोणाचा आवाज बसलेला असतो, कोणाच्या गालावरचा रंग घामाने ओघळलेला असतो. उद्या प्रत्येकाला आपापल्या शाळेत, दुकानात, कचेरीत वा शेतावर जावयाचे असते. हाती काहीच आलेले नसते. परंतु काही तासांपुरते का होईना, आपले अंतःकरण आपल्याहून मोठे झाले होते, ही जाणीव सोबत असते. आणि गाडीच्या पलीकडच्या बाकावर हरलेल्या संघाचा एखादा चाहता खिडकीबाहेर पाहत मुकाट्याने बसलेला असेल, तर त्याच्यासाठी थोडे सरकून जागा करून देणे, हीच त्या जाणिवेची खरी खूण होय.